घातक कचरा उचलणाऱ्या गाडीचा अनुभव: तीन स्टार (आणि भाच्याच्या रॉकेटला अर्धा)

नाव लिहिणार नाही हे आधीच सांगतो. आपल्या जळगाव-धुळे भागात असला माल उचलायला येणाऱ्या गाड्या बोटावर मोजण्याइतक्या, आणि दोन-तीन वर्षांनी मला परत त्यांनाच फोन लावायचाय. म्हणून कंपनी कोणती ते सोडा, सेवा कशी असते, पैसे किती लागतात, डोकं कुठे फिरतं तेवढं लिहितो. मध्ये मध्ये भाच्याचं रॉकेट पण येईल, त्याला इलाज नाही, दोन्ही गोष्टी आमच्या घरात एकाच दिवाळीत घडल्या आणि आता मला त्या वेगळ्या करता येत नाहीत.

आमचं कृषी सेवा केंद्र चोपडा तालुक्यात, आप्पांनी सुरू केलेलं, आता मी बघतो. ज्यांचं बी-बियाणं-औषधाचं दुकान आहे त्यांना सांगायला नको, माल खपला तर पैसा आणि नाही खपला तर तोच माल मानेवर. कंपनीवाला सीझनच्या आधी गोड बोलून पेट्या टाकून जातो, त्या वर्षी नेमकी अळी कमी, औषध रॅकवर तसंच, आणि तारीख उलटली की परत न्यायच्या नावाने साहेबाचा फोन लागत नाही. एक्स्पायरी झालेलं औषध विकणं गुन्हा, ते मी करत नाही, मग ते जातं मागच्या खोलीत. असं पंधरा-सोळा वर्षं जात राहिलं. यंदा दिवाळीच्या झाडझूडीला बायकोने ती खोली उघडली आणि वासानेच मागे फिरली, म्हणाली एक तर ही खोली रिकामी करा नाहीतर मी भाऊबीजेला गेले की तिकडेच राहते.

काय काय निघालं विचारू नका. झाकणं फुगलेल्या बाटल्या, तळाला गच्च बसलेली पावडर, लेबलं उंदरांनी खाल्लेली (उंदीर मात्र एकही मेलेला दिसला नाही, यावरून औषधाची क्वालिटी ओळखा), आणि सगळ्यात खाली आप्पांच्या काळातला एंडोसल्फान नावाच्या कीटकनाशकाचा एक डबा. एंडोसल्फानवर सुप्रीम कोर्टाने मे २०११ मध्ये बंदी घातली, म्हणजे हा डबा तेव्हापासून आमच्या घरात गुपचूप बसलेला. वरून एक खोकाभर जुन्या ट्यूबलाइट आणि सीएफएल, दोन मेलेल्या इन्व्हर्टर बॅटऱ्या. बॅटऱ्या सोडून नुसतं औषधाचं वजन भरलं २१२ किलो.

सल्ले भरपूर आले. एक म्हणे अनेरला पूर आला की सोडून दे, कोण बघतंय. अरे बाबा अनेर जाते तापीत, तापी जाते प्रकाशाला, तिथून उकाईत आणि शेवटी सुरतच्या नळात. दुसऱ्याने सांगितलं शेतात खड्डा करून पुरून टाक, हा माणूस त्याच शेतातल्या विहिरीचं पाणी पितो. तिसरा म्हणे पेटवून दे. हा सल्ला सगळ्यात डेंजर, एंडोसल्फानच्या एकेका रेणूत क्लोरीनचे सहा अणू असतात, उघड्यावर मंद आगीत जाळलं की ते औषध नीट मरत नाही, वर धुरात आणखी वाईट काहीतरी तयार होतं आणि ते आपल्याच नाकात. २०१७ ला यवतमाळकडे नुसती फवारणी करताना वीसच्या वर माणसं गेली होती, ते आपल्या धंद्यातल्या माणसाने तरी विसरू नये.

मग जळगावहून ताई आली, सोबत भाचा सोनू, नववीत. त्याला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रोजेक्ट करायचा होता आणि त्याचा विषय आधीच ठरलेला, 'पृथ्वीवरचा घातक कचरा अंतराळात'. थर्माकोलचं चार फुटी रॉकेट, पोटात कचऱ्याचा डबा, समोर पिवळा बल्ब म्हणजे सूर्य. मागच्या खोलीचा वास आला तर हा खूश. "मामा, तुमचं हे सगळं पण सूर्यावर पाठवून देऊ ना. तिथे जळून खाक."

मला हसू आलं पण खरं सांगतो, पाच मिनिटं मला पण पटलं होतं. एवढा मोठा सूर्य, त्याला आपल्या दोनशे किलोचं काय.

तर आता सेवेवर येतो. एका डीलर मित्राकडून नंबर मिळाला. फोन केला, पहिल्या फोनला उचलला, चांगलं बोलले, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवले, प्रत्येक बाटलीच्या लेबलचा. ज्याला लेबल नाही त्याचं काय विचारलं तर म्हणे 'अनोळखी' म्हणून वेगळं घेऊ, रेट जास्त. कोटेशन संध्याकाळपर्यंत आलं. जाळायचे ३८ रुपये किलो, गाडीभाडं ९ हजार, ट्यूबलाइट नगावर, जीएसटी वेगळा. सगळं मिळून वीस हजाराच्या वर. माल जाणार रांजणगावला. महाराष्ट्रात घातक कचऱ्याची नीट विल्हेवाट लावणाऱ्या जागा मोजक्या, तळोजा, रांजणगाव, नागपूरकडे बुटीबोरी अशा, खान्देशात जवळपास म्हणावी अशी नाहीच, त्यामुळे जवळजवळ अर्धे पैसे नुसते रस्त्याचे. आप्पा म्हणाले वीस हजार? माल विकून एवढे सुटले नव्हते. बरोबरच होतं त्यांचं, सुटले नव्हतेच.

ते कोटेशन बघून सोनू म्हणाला मामा रॉकेट स्वस्त पडेल. मग बसलो दोघं मोबाईल घेऊन हिशोबाला, दोन रात्री गेल्या, ताई ओरडत होती अभ्यास करा म्हणून, अरे हा अभ्यासच होता.

सगळ्यात स्वस्त म्हणवणारी जी खाजगी अमेरिकन रॉकेटं आहेत त्यांनीसुद्धा पृथ्वीजवळच्या कक्षेत एक किलो न्यायला साधारण दीड ते तीन हजार डॉलर पडतात. कमीत कमी धरलं तरी सव्वा-दीड लाख रुपये किलो. २१२ किलोचे पावणेतीन कोटीच्या आसपास, आणि यात डबा धरलेला नाही. गाडीवाल्याचे वीस हजार. म्हणजे तेरा-चौदाशे पट. सोनू जरा गप्प झाला पण हरला नाही, म्हणे पुढे स्वस्त होईल. होईलही. पण मग कळलं की जवळच्या कक्षेत ठेवून काही उपयोगच नाही, तिथे विरळ का होईना हवा असते, घासत घासत वस्तू काही वर्षांत खालीच येते. म्हणजे आपण पावणेतीन कोटी देऊन कचरा फक्त पुढच्या तारखेला ढकलला.

यावर मला २०२२ चा गुढीपाडवा आठवला. २ एप्रिल, संध्याकाळी गच्चीवर होतो, आणि आभाळात जळते लाल-पिवळे गोळे एका ओळीत चाललेले. सगळं गाव रस्त्यावर. कोणी म्हणे विमान पडलं, कोणी म्हणे उल्का, आमच्या शेजारच्या आबांनी हातच जोडले. दुसऱ्या दिवशी समजलं की चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूचं कडं पडलं, चांगलं आठ-दहा फूट व्यासाचं. चीनच्या रॉकेटचे तुकडे होते ते. रिकाम्या रॉकेटचे. आत एंडोसल्फान असतं तर?

आणि सगळ्यात भारी किस्सा बॅटऱ्यांचा. अंतराळ स्थानकावरच्या जुन्या निकेल-हायड्रोजन बॅटऱ्यांचं जवळजवळ २.६ टनांचं एक गाठोडं मार्च २०२१ मध्ये तिथून सोडून दिलं, वाटलं येता येता हवेत जळून जाईल. तीन वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, त्यातला सातशे ग्रॅमचा धातूचा तुकडा अमेरिकेत फ्लोरिडामध्ये एका घराचं छप्पर फोडून आत आला. घरच्यांनी नासाकडे ८० हजार डॉलर मागितले. माझ्या दोन बॅटऱ्या मी नवीन घेताना दुकानदाराला परत दिल्या, वजनावर साडेनऊ हजार कापून मिळाले. शिसं वितळवून परत बॅटरीतच जातं, तेच शिसं फिरत राहतं. म्हणजे जी गोष्ट लोक पैसे देऊन नेतात ती सूर्यावर का टाकायची? हे सोनूला लगेच पटलं कारण त्यातले पाचशे त्याला मिळाले.

इकडे गाडी यायची होती गुरुवारी. गुरुवार गेला. शुक्रवारी फोन, म्हणे जळगाव एमआयडीसीचा माल भरला की दोन्ही सोबत उचलू. शनिवार-रविवार सुट्टी. मग फोन उचलणंच बंद. अकरा दिवस उशिरा आली गाडी आणि तेही दुपारी दोन वाजता, दुकानात गिऱ्हाईक असताना. या अकरा दिवसांत माझी खोली उघडी, सगळ्या बाटल्या पडवीत काढून ठेवलेल्या, घरात लहान पोरं. एक स्टार मी इथेच कापला. ज्यांना बोलवायचं असेल त्यांनी गाडी दारात उभी राहिल्याशिवाय माल बाहेर काढू नका, आम्ही उत्साहात काढला.

त्या अकरा दिवसांत सोनूचा प्रोजेक्ट मात्र पार बदलला. त्याने विचारलं, ठीक आहे, जवळ नको, थेट सूर्यावर टाकू, आदित्य नाही का गेलं? मला पण तसंच वाटत होतं. बघितलं तर इस्रोचं आदित्य-एल१ यान सप्टेंबर २०२३ ला निघालं, जानेवारी २०२४ ला पोचलं, आणि पोचलं कुठे तर पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर. सूर्य आहे १५ कोटी. म्हणजे शंभरातला एक हिस्सा. चोपड्याहून पुण्याला निघालो म्हणायचं आणि गावच्या वेशीबाहेर चहा प्यायला थांबायचं तसं.

सूर्यावर पडणं एवढं अवघड का हे समजायला मला वेळ लागला. आपल्याला वाटतं सूर्य ओढतोच आहे, सोडलं की पडेल. पण सुरत-भुसावळ लाईनच्या पॅसेंजरमध्ये बसून खिडकीतून केळीचं साल सोडून बघा (बघू नका, घाण होते). ते साल गाडीसोबत पुढे पळत जाऊन पडतं, कारण त्यात गाडीचा वेग आधीच आहे. सरळ खाली पाडायचं तर गाडी जेवढ्या वेगाने पुढे चाललीय तेवढ्याच वेगाने मागे फेकावं लागेल. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर धावते. आपला कचरा पण तेवढ्याच वेगाने धावतोय, मागच्या खोलीत बसल्या बसल्या. सूर्यात पाडायचा तर तो सगळा वेग मारावा लागतो. गंमत म्हणजे सूर्यमालेच्या बाहेर फेकायला त्यापेक्षा कमी जोर लागतो, कारण पृथ्वीच्या अंतरावरून बाहेर सुटायला ४२ चा वेग पाहिजे, ३० आधीच आहे, वरचे बारा द्या की झालं. सूर्य जवळ आणि तरी महाग. हे वाचून सोनू उठून अंगणात एक चक्कर मारून आला.

पार्कर नावाचं अमेरिकन यान खरंच सूर्याजवळ गेलं. ऑगस्ट २०१८ ला निघालं, वजन जेमतेम ६८५ किलो, आणि ते उडवायला डेल्टा-४ हेवी नावाचं धूड रॉकेट, जे जवळच्या कक्षेत २८ टन न्यायचं, वर आणखी एक जादा टप्पा. तरी पृथ्वीचा तो वेग पुरेसा मारता आला नाही म्हणून शुक्राजवळून सात वेळा फिरवून फिरवून वेग कमी केला. सहा वर्षांनी, २४ डिसेंबर २०२४ ला सगळ्यात जवळ गेलं, तरी सूर्य ६१ लाख किलोमीटर दूरच. म्हणजे सगळ्यात दांडग्या रॉकेटांपैकी एक घ्या, सहा वर्षं थांबा, आणि माझ्या खोलीसारख्या तीन खोल्यांचा माल सूर्याच्या आसपास नेऊन ठेवा, त्यात पडणार नाहीच. गाडीवाल्याचे अकरा दिवस एकदम कमी वाटायला लागले.

बरं, आता गाडी आल्यावरचं. दोन मजूर, एक ड्रायव्हर, एक सुपरवायझर पोरगा. हा पोरगा आपल्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठातून केमिस्ट्री केलेला, हुशार, बोलायला गोड. काटा त्यांचा इलेक्ट्रॉनिक, माझ्या काट्यावर पण मोजून दाखवला, फरक शंभर ग्रॅमचा, याला पूर्ण मार्क. पिंप आणली होती झाकणवाली, तळाला भुसा, बाटल्या उभ्या लावल्या, पातळ वेगळं आणि पावडर वेगळी. एंडोसल्फानचा डबा बघून त्याने शिट्टीच वाजवली, म्हणे काका हा तर म्युझियमचा पीस आहे. सगळं लिहून दहा नंबरच्या फॉर्मवर सही घेतली, एक प्रत मला. हा फॉर्म महत्वाचा आहे, कचरा कुणाकडून निघाला, कुणी वाहिला, कुठे पोचला हे त्यावर असतं, तो देत नसेल त्याला माल देऊच नका, तो कुठल्या नाल्यात जातोय कळणार नाही.

आता वाईट. मजुरांच्या हातात मोजे नव्हते. एकाकडे कापडी रुमाल, दुसऱ्याकडे तेही नाही. मी दुकानातले रबरी मोजे काढून दिले, सुपरवायझर म्हणे गाडीत आहेत हो, घालत नाहीत हे. असतील, पण मग घालायला लावायचं काम कुणाचं? एक कॅन उचलताना गळली, फरशीवर डाग पडला तो अजून आहे, माती टाकून पुसून घेतलं पण ती माती घ्यायला विसरले, मी आठवण केली तेव्हा पिशवीत भरली. आणि चढवायचे बाराशे वेगळे मागितले जे कोटेशनमध्ये कुठेच नव्हते. घासाघीस करून आठशे दिले. दुसरा स्टार इथे गेला.

माल चढेपर्यंत सोनूने त्या पोराला रॉकेटचं सांगितलं. तो हसला नाही, हे मला आवडलं. म्हणाला, हे तुझ्या मामाचं औषध आहे ना, हे आगीत मरतं. दोन भट्ट्या असतात, दुसरीत ११०० डिग्रीच्या वर तापमान ठेवतात, तिथे रेणूच तुटतो, औषध औषध राहत नाही. धुरात आम्ल येतं ते पाण्याने आणि चुन्याने धुतात. उरलेली राख जाडजूड प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात. मग जे इथेच मरतं त्याला एवढ्या लांब कशाला पाठवायचं? ट्यूबलाइटमधला पारा मरत नाही, तो मूलद्रव्य आहे, पण तो काढून परत वापरता येतो. तुझं रॉकेट पाहिजे असेल तर फक्त अशा मालाला जो जळत पण नाही आणि कुणाला परत नको पण आहे. सोनू लगेच म्हणाला, अणुभट्टीचा.

बरोबर पकडलं पोराने. आणि अणुभट्टी आपल्यापासून काही लांब नाही. नवापूरच्या पुढे गेलं की गुजरातेत तापीच्याच काठी काकरापार, तिथे ७०० मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्या २०२३ आणि २०२४ मध्ये सुरू झाल्या. आपलंच पाणी पुढे त्यांच्याकडे जातं. आपल्याकडे वापरलेलं इंधन थेट कचरा धरत नाहीत, त्यातून कामाचं परत काढतात आणि जो खरा जहाल भाग उरतो तो काचेत मिसळून, वितळवून, स्टीलच्या डब्यात ओततात. तारापूर, मुंबईतलं तुर्भे (ट्रॉम्बे), कल्पाक्कम इथे हे काम चालतं. काच म्हणजे पाण्यात सहजी विरघळत नाही, गळत नाही. फिनलंडवाल्यांनी तर ओल्किलुओतो बेटावर चारशे मीटरच्या वर खोल कातळात बोगदे खणलेत, तिथे कायमचं ठेवायला.

आणि अंतराळाची आयडिया सोनूच्या आधी नासालाच आली होती. १९७० च्या दशकात त्यांनी बसून सगळा हिशोब केला, स्पेस शटलने वर न्यायचं, तिथून पुढे ढकलून पृथ्वी आणि शुक्र यांच्या मधल्या एका कक्षेत सोडायचं. सूर्यात नाहीच, त्यांना पण परवडत नव्हतं. आणि सगळा कचरा पण नाही, त्यातला निवडक भाग. शेवटी १९८२ ला अमेरिकेने कायदा केला तो जमिनीत खोल पुरायचा. चार वर्षांनी, २८ जानेवारी १९८६ ला, त्याच शटलपैकी चॅलेंजर उडालं आणि ७३ सेकंदात फुटलं. सात माणसं गेली. त्यात अणुकचरा भरलेला असता तर काय, हा प्रश्न मी सोनूला विचारला नाही, त्यानेच मला विचारला.

हिशोब तरी केला. जगातल्या भट्ट्यांमधून वर्षाला साधारण दहा हजार टन वापरलेलं इंधन निघतं. फाल्कन हेवी हे मोठं रॉकेट मंगळाच्या वाटेवर १६.८ टन नेऊ शकतं. कवच, डबा काही न धरता भागलं तर सहाशे उड्डाणं वर्षाला. २०२४ मध्ये अख्ख्या जगाने सगळी मिळून अडीचशेच्या वर उड्डाणं केली, आणि फाल्कन हेवी २०१८ पासून २०२४ संपेपर्यंत एकूण ११ वेळा उडालं. कवच धरलं तर आकडा कुठे जाईल बघा, कारण असला माल आपटला तरी फुटू नये असा डबा करायचा म्हणजे डबा मालापेक्षा जड.

आणि आपटणार तर आहेच. शंभरातलं एखादं रॉकेट बिघडतंच. आपलं पीएसएलव्ही किती भरवशाचं, तरी १८ मे २०२५ ला तिसऱ्या टप्प्यात बिघडलं आणि उपग्रह गेला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये जीएसएलव्हीचं तेच. यात इस्रोला नावं ठेवत नाही, हा धंदाच तसा आहे. सहाशेतली सहा जरी पडली तरी वर्षाला सहा वेळा कुणाच्या तरी डोक्यावर. १९६४ ला अमेरिकेचा एक उपग्रह कक्षेत पोचलाच नाही, त्यातलं जवळजवळ एक किलो प्लुटोनियम हवेत जळून जगभर पसरलं. जानेवारी १९७८ ला रशियाचा कॉसमॉस-९५४ अणुभट्टीसकट कॅनडाच्या बर्फात कोसळला, एक लाख २४ हजार चौरस किलोमीटर पिंजून काढले, सापडला अगदी थोडा. कॅनडाने साठ लाख डॉलरचं बिल लावलं, रशियाने तीस लाख दिले. १९७२ चा करार आहे, ज्याने उडवलं त्याने जमिनीवरचं नुकसान भरायचं, चूक असो-नसो. तरी अर्धेच. माझे चढवायचे बाराशेचे आठशे झाले ते त्या मानाने बरे म्हणायचे.

एक मात्र सोनूच्या बाजूने लिहायला पाहिजे. अपोलो-१३ चंद्रावर न उतरता परत आलं तेव्हा त्यातला ३.८ किलो प्लुटोनियमचा डबा प्रशांत महासागरात टोंगाच्या खोल घळीत गेला, आणि तो फुटला नाही. १९६४ च्या अनुभवानंतर डबे तसे मजबूत करायला लागले होते. म्हणजे डबा चांगला करता येतो. पण चार किलोचा डबा वेगळा आणि दहा हजार टन वेगळे.

गाडी गेली तेव्हा सहा वाजले होते. सुपरवायझरला शेवभाजी-भाकरी खायला घातली, त्याने पण दोन वेळा रस्सा मागितला. म्हणाला महिन्यात जाळल्याचं सर्टिफिकेट मेलवर येईल. महिन्यात आलं नाही. फोन, मेसेज, परत फोन, 'साहेब मीटिंगमध्ये'. अठ्ठावन्नाव्या दिवशी पीडीएफ आली, त्यात गावाचं नाव चुकलेलं, वजन बरोबर, तारीख बरोबर, परत पाठवून दुरुस्त करून घेतली. पण आली. माझा माल कोणत्या दिवशी कोणत्या भट्टीत गेला ते माझ्याकडे कागदावर आहे, आणि तीन स्टार आहेत ते या कागदाचे आणि त्या काट्याचे. मोजे घातले असते तर चार दिले असते.

ज्यांना बोलवायचंय त्यांच्यासाठी: एकट्याने बोलवू नका, तालुक्यातले चार-पाच दुकानदार मिळून बोलवा, नऊ हजार भाडं वाटलं जातं. आम्ही आता तेच ठरवतोय, यावल आणि शिरपूरचे दोघं तयार आहेत. लेबल फाटण्याआधी फोटो काढून ठेवा. आणि शेतकऱ्यांच्या रिकाम्या बाटल्या यात घेत नाहीत ही मोठी पंचाईत आहे, त्या तीनदा खळखळून, भोकं पाडून वेगळ्या द्याव्या लागतात, आणि ते कोण करतंय, आमच्याकडे बांधावर अजून पडलेल्या दिसतात.

सोनूने शेवटी प्रोजेक्टचं नाव बदलून 'अंतराळात कचरा: परवडतं का?' केलं, पिवळ्या बल्बच्या खाली पार्करचा तक्ता लावला, आणि केळीच्या सालाचं चित्र काढलं ते परीक्षकांना फार आवडलं म्हणे. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. ताईच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून ते चार फुटी रॉकेट आता आमच्या रिकाम्या झालेल्या मागच्या खोलीत उभं आहे. भंगारवाल्याला विचारलं तर थर्माकोल घेत नाही म्हणाला. त्या सुपरवायझर पोराला पण फोटो टाकला होता, त्याचा रिप्लाय आला, "काका, हे घातक नाही, आपण नाही घेत."